व्हॉक्स अॅम्पलग २ बेस आणि मोइझेस : घरच्या घरी बेसची तालीम

बेस गिटार वाजवणाऱ्याने घरी एकट्याने वाजवायचं तरी काय? गाणाऱ्याने तंबोरा लावला की रियाज सुरू. मेन कीबोर्डवाला घरी बसून गाण्याचे पीसेस वाजवू लागला तर शेजारच्या खोलीतल्या माणसालाही गाणं ओळखू येतं. बेसवाल्याच्या वाट्याला चार मिनिटं सा, मग प, परत सा, मध्ये दोन मात्रा गप्प आणि अंतऱ्याच्या आधी चार सुरांची एक छोटी चढण. एवढंच वाजवत बसलं की दहाव्या मिनिटाला हात आपोआप दुसऱ्याच कुठल्यातरी चमकदार वाजवण्याकडे वळतो. साइड रिदमवाल्यांचं असंच होतं, दुसऱ्या कीबोर्डवर स्ट्रिंग्ज भरणाऱ्यांचंही असंच होतं. मग साथीची बाजू घरी वाजवलीच जात नाही. मंडळी ती रविवारच्या तालमीत येऊन शिकतात, आणि भाड्याच्या हॉलचे तीन तास एकेकाला "इथे कट आहे", म्हणजे इथे सगळ्यांनी एकदम थांबायचं, हे सांगण्यात जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बाकीच्यांचा तो वेळ आपल्यामुळे जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी डोंबिवलीत राहते, नोकरी बँकेत, आणि जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका हौशी ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवते. घरी वाजवायला मिळतं ते रात्री, जेवणं आवरल्यावर. या वेळेला बेसचा अॅम्प लावायची सोय नाही. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली तर तिची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ४१ असते, आणि इतक्या खालच्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. विटांची भिंत तिला फारशी अडवत नाही. आपल्याला खोलीत आवाज बेताचा वाटतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतली भांडी थरथरतात. उलट अॅम्पशिवाय नुसत्या तारा वाजवल्या तर आवाज इतका बारीक येतो की आपण बोटं जास्त जोरात मारायला लागतो, आणि ती सवय स्टेजवर जाते.

यावर मी वापरते ती जोडी म्हणजे व्हॉक्स कंपनीचा अॅम्पलग २ बेस हा खिशात मावणारा हेडफोन अॅम्प, आणि फोनवर मोइझेस हे अॅप. दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते, कारण माझ्या अनुभवाने एकाशिवाय दुसऱ्याचा निम्माच उपयोग आहे.

आधी अॅम्पलग. व्हॉक्स ही मूळची इंग्लंडमधली कंपनी, १९९२ पासून जपानच्या कॉर्गच्या मालकीची. अॅम्पलग म्हणजे तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची डबी. तिचीच पिन बाहेर आलेली असते, ती थेट गिटारमध्ये खोचायची. मध्ये वायर नाही. पिन अर्धवर्तुळात फिरते, त्यामुळे गिटारचं भोक कडेला असो की पुढच्या बाजूला, डबी सोयीच्या दिशेला वळवता येते. वर तीन चकत्या: गेन, टोन, व्हॉल्यूम. हेडफोनसाठी एक ३.५ मिलिमीटरचं भोक, आणि तेवढंच दुसरं भोक फोन जोडायला. चालतो दोन बारीक पेन्सिल सेलवर, ज्यांना एएए म्हणतात त्यांवर. आता याची तिसरी आवृत्तीही निघाली आहे. मी लिहितेय ते दुसरीबद्दल.

आवाज भरीव आणि गोल येतो. गेन कमी ठेवला की स्वच्छ, वाढवला की जरा खरखरीत. आम्ही वाजवतो त्या गाण्यांना स्वच्छच लागतो, त्यामुळे माझी गेनची चकती जवळजवळ तळाशी असते. टोन मध्यावर ठेवला तर बोटाचा तारेवरून सुटतानाचा आवाजही ऐकू येतो, आणि घरच्या सरावात तो ऐकू यायलाच हवा. सूर वेळेवर सुरू करणं हे बेसचं निम्मं काम. सूर वेळेवर थांबवणं हे उरलेलं निम्मं. खोलीत मोठ्या अॅम्पवर वाजवताना ओढलेला सूर खोलीच्या घुमण्यात लपून जातो. हेडफोनमध्ये तो लपत नाही. डाव्या हाताचं बोट तारेवरून जरा उशिरा उचललं तरी दोन सुरांमधली जागा भरून गेलेली स्पष्ट कळते.

फोन जोडायच्या भोकाची एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. फोनवरून येणाऱ्या गाण्याचा आवाज कमीजास्त करायला अॅम्पवर वेगळी चकती नाही, तो फोनवरूनच करायचा. अॅम्पवरच्या व्हॉल्यूमने फक्त आपल्या गिटारचा आवाज बदलतो. म्हणजे आधी गाणं फोनवर बेताचं लावायचं, मग गिटार त्याच्या खाली आणून ठेवायची. "खाली" हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. घरी हेडफोन लावून वाजवणारे बहुतेकजण स्वतःला गाण्याच्या वर ठेवतात, म्हणजे आपलं सगळं छान ऐकू येतं. साथीच्या माणसाने त्याच्या उलट करावं. आपला सूर गाण्यात मिसळून जेमतेम जाणवेल इतकाच ठेवून वाजवावं, कारण स्टेजवर मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, आपल्याला आपला आवाज एवढाच मिळणार असतो.

डबीत ताल भरलेले आहेत, एकूण नऊ. बटण दाबलं की ड्रम सुरू होतात. ते सगळे पाश्चात्त्य धाटणीचे आहेत. हात मोकळा करायला चांगले, पण आमच्या कार्यक्रमात दादरा आणि केरवा यांचंच राज्य असतं, आणि ते यात नाहीत. त्यासाठी मी तबल्याचं अॅप लावून फोन जोडते. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीवर सा आणि चौथीवर प, बस्स, बाकी काही नाही, असं पंधरा मिनिटं वाजवलं की कळतं, साधं वाजवायला किती ताकद लागते.

यात नाही काय, तेही सांगते. यूएसबीचं भोक नाही, त्यामुळे चार्जिंग नाही आणि थेट फोनवर किंवा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायची सोयही नाही. रेकॉर्ड करायचंच असेल तर वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, घ्यावा लागतो. हेडफोन आपले आपण आणायचे. तेही वायरचे आणि कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथचे हेडफोन वाजवण्यासाठी चालतच नाहीत. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एका मात्रेच्या चौथ्या हिश्श्याला ०.१२५ सेकंद लागतात. म्हणजे बोट मारल्यापासून सूर ऐकू येईपर्यंत जवळजवळ पाव मात्रा किंवा तिच्याही पलीकडे गेलेली असते. असल्या कानांनी लय सांभाळायला शिकणं शक्य नाही. हल्लीच्या पुष्कळ फोनना हेडफोनचं भोकच नसतं, त्यामुळे टाइप-सीवरून ३.५ मिलिमीटरवर नेणारा छोटा तुकडा आणि दोन्हीकडे पिन असलेली छोटी वायर ही खरेदीही धरून चाला.

आता मोइझेस. गाण्याची फाइल दिली की हे अॅप त्यातला गायकाचा आवाज, ड्रम, बेस आणि उरलेली वाद्यं वेगळी काढून देतं. प्रत्येकाच्या आवाजाला स्वतःची सरकपट्टी, ती वरखाली करायची किंवा साफ बंद करायची. शिवाय लय कमीजास्त करता येते, गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर ते, बदलता येते, गाण्याचा एखादा तुकडा पुन्हापुन्हा फिरवता येतो, गाण्याबरोबर चालणारा मेट्रोनोम लावता येतो, आणि कॉर्ड्स फोनच्या पडद्यावर सरकत राहतात. अॅपलने २०२४ साली आयपॅडसाठीचं वर्षातलं सर्वोत्तम अॅप म्हणून याचीच निवड केली होती. फुकटात वापरता येतं, पण महिन्याला मोजकीच गाणी. पैसे भरले की मर्यादा सैल होते आणि गिटार, पियानो असे आणखी भागही वेगळे मिळतात. एका कार्यक्रमात वीस-बावीस गाणी असतात, तेव्हा नेमाने वाजवणाऱ्याला फुकटातलं पुरणार नाही. आमच्यासारख्या ग्रुपने ज्या महिन्यात कार्यक्रम आहे तेवढ्याच महिन्याचे पैसे भरावेत असं मी सुचवेन.

बहुतेकांना या अॅपचा पहिला उपयोग सुचतो तो म्हणजे बेस एकटा ऐकून उतरवून घेणं. तो आहेच मोलाचा. विशेषतः सत्तरच्या दशकापासूनच्या गाण्यांत, जिथे इलेक्ट्रिक बेस स्वच्छ रेकॉर्ड झालेला आहे, तिथे आजवर ढोलक आणि व्हायोलिनच्या खाली दबलेली वाक्यं अशी समोर येतात की अंगावर काटा येतो. गायिकेने श्वास घेतला त्या जागेत बेसने भरलेले तीन सूर मी असेच पहिल्यांदा ऐकले. वर्षानुवर्षं ते गाणं ऐकत होते आणि तिथे कोणीतरी इतकं विचार करून वाजवलंय हे माहीतच नव्हतं. मुंबईच्या स्टुडिओंमधून त्या काळात वाजवणाऱ्यांत गोव्याहून आलेले वादक कितीतरी होते. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारी ती माणसं, आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचणारे, त्यांच्यासाठी चालीच्या मागे दुसरी चाल रचायचे. ते सगळं काम साथीचंच होतं. ज्यांच्या नावाची पाटी कुठे लागली नाही अशा वादकांचं एकेक वाक्य असं सुटं ऐकायला मिळणं, एवढ्यासाठीसुद्धा मी या तंत्राची ऋणी आहे.

पण आपल्या गाण्यांवर हे तंत्र वापरताना एक सावधगिरी पाळावीच लागते, आणि ती कुठल्या एका अॅपपुरती नाही. असं वेगळं करणारी यंत्रणा ज्या गाण्यांवरून शिकते त्यांत ड्रमसेट आणि बेस गिटार असतात. डग्गा तिच्या फारशा ओळखीचा नसतो. केरव्याचा साधा ठेका घ्या: धा गे ना ती, ना क धी ना. यात धा, गे आणि धी या बोलांवर डग्गा घुमतो, आणि वाजवणारा मनगटाने दाब देऊन तो सूर वर ओढतो. हा घुमारा खालच्या पट्टीतला, लांबणारा आणि सुराचा असतो, त्यामुळे तो पुष्कळदा ड्रमच्या भागात न जाता बेसच्या भागात येऊन बसतो. तबल्याच्या चाटेवरचे, म्हणजे कडेवरचे, बोल एका डब्यात, डग्ग्याची घसीट, म्हणजे घसरता सूर, दुसऱ्या डब्यात. बेस एकटा लावून ऐकला तर कोणीतरी फार रसिकपणे सूर घसरवत बेस वाजवतंय असं वाटतं. तो बेस नव्हे. ओळखायची खूण सांगते: ठेक्यातल्या "ती ना क" या बोलांवर तो "बेस" दर वेळी नेमका गप्प होत असेल आणि "धी"वर नेमका घसरत परत येत असेल, तर तुम्ही डग्गा ऐकताय. लावणीतल्या ढोलकीच्या धुम्याचंही, म्हणजे खर्जाच्या बाजूचंही, असंच. १९५०-६० च्या दशकांतली गाणी तर मोनोमध्ये रेकॉर्ड झालेली, डबल बेस लांबून आलेला, तिथे बेसच्या भागात निम्मा डग्गा आणि निम्मी धूळ असते. अशा गाण्यांत मी अॅपचा बेस फक्त इशारा म्हणून धरते. खरं काय ते कान आणि कॉर्ड मिळून ठरवतात.

कॉर्ड्सबद्दलही थोडं. पडद्यावर येणाऱ्या कॉर्ड्स सरळ गाण्यांत कामाच्या असतात. पण भावगीतात चाल रागाच्या अंगाने जात असते आणि मागे जवळजवळ काहीच बदलत नसतं. तिथे चालीतल्या प्रत्येक सुरागणिक कॉर्ड बदललेली दिसते. त्या सगळ्या वाजवल्या तर गाण्याचा जीव जातो. मूळ वाजवणाऱ्याने दोन ओळी एका सा वर काढल्या असतील तर आपणही काढाव्यात.

पट्टी बदलण्याची सोय मात्र आमच्यासारख्या ग्रुपला वरदान आहे. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्या पट्टीत कार्यक्रमात ते गायलं जाईलच असं नाही. समजा मूळ गाणं पेटीच्या पांढरी तीनमध्ये आहे आणि आमच्या गाणाऱ्या ताईंना काळी दोन, म्हणजे अर्धा सूर खालची, सोयीची. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबतो आणि मोकळा होतो. चार तारांच्या बेसवर काय होतं बघा. पांढरी तीनचा सा म्हणजे आपली मोकळी ई तार, सगळ्यात खालचा, सगळ्यात भारदस्त सूर, आणि तो वाजवायला डाव्या हाताला कामच नाही. अर्धा सूर खाली आलो की तो सा वाद्यावर उरतच नाही. मग तिच्या पुढच्या, म्हणजे ए तारेवर, बेसच्या दांडीवरच्या सहाव्या पडद्यावर, एक सप्तक वरचा सा घ्यावा लागतो. सगळी बोटं बदलतात, आणि बोटांपेक्षाही गाण्याचं वजन बदलतं. मुखड्यावर येताना खाली उतरायचं ते आता उतरता येत नाही, तिथे दुसरं काहीतरी सुचवावं लागतं. पाच तारांचा बेस असेल तर हा प्रश्न नाही, पण तो सगळ्यांकडे नसतो. हे हॉलमध्ये, सगळे खोळंबलेले असताना कळणं आणि घरी मंगळवारी रात्री कळणं यात फार फरक आहे. ताईंची पट्टी कळली की मी गाणं अॅपमध्ये त्या पट्टीवर आणते आणि पहिल्यापासून त्याच पट्टीत बसवते, मूळ पट्टीत हात बसूच देत नाही.

जुन्या रेकॉर्डिंगची पट्टी कित्येकदा धड इकडची नसते आणि तिकडचीही नसते, दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी असते. ट्यूनरवर लावलेला बेस त्याच्याबरोबर बेसूर लागतो. अशा वेळी सरावापुरता बेस कानाने गाण्याला मिळवून घ्यावा, आणि तालमीला निघण्याआधी आठवणीने परत ट्यूनरवर लावावा.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वापर. नेहमीचा सल्ला असा की बेस बंद करा आणि त्या जागी तुम्ही वाजवा. ही पहिली पायरी झाली, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. यात अडचण अशी की ड्रम आणि ढोलक चालू असतात, त्यामुळे लय तेच सांभाळतात आणि आपण त्यांच्या खांद्यावर बसून जातो. मी पुढची पायरी म्हणून ड्रमही बंद करते, मग उरलेली वाद्यंही बंद करते. फक्त गाणारा आवाज आणि मी. मुखडा आणि अंतरा यात बरा जातो, कारण शब्दांची लय हाताशी असते. परीक्षा होते ती मधल्या म्युझिकमध्ये. तिथे गाणारा गप्प आहे, म्हणजे कानात पूर्ण शांतता. सोळा बार शांतता. त्या शांततेत आपण एकट्याने सा, प, सा, प चालू ठेवायचं, मधला कट मोजून घ्यायचा, चढण वाजवायची, आणि सोळा बार संपले की अंतऱ्याचा पहिला शब्द आपल्या सम्‌वर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडला पाहिजे.

हिशोब करून बघा. मिनिटाला १०० ठोक्यांची लय असेल तर चार-चार मात्रांचे सोळा बार म्हणजे ६४ मात्रा, साधारण ३८ सेकंद. आपली लय १०० ऐवजी १०१ झाली, जी कानाला वेगळी म्हणून कळतही नाही, तरी ६४ मात्रांनंतर आपण अर्ध्या मात्रेहून जास्त पुढे पोचलेलो असतो. म्हणजे गायिकेचा शब्द येतो तेव्हा आपण तिथून निघून गेलेलो असतो. या सरावात कोणी चूक सांगावी लागत नाही. तिचा आवाज येतो आणि निकाल कळतो. वेगळं केलेल्या आवाजाच्या मागे बाकीच्या वाद्यांची बारीक कुजबुज राहून गेलेली असते, तेव्हा गाण्याचा आवाज इतका कमी ठेवायचा की ती कुजबुज आधाराला मिळणार नाही.

हा सराव कुठल्या गाण्यांवर करायचा हेही महत्त्वाचं. सगळे वादक एका वेळी एका खोलीत बसून वाजवत होते त्या काळातल्या गाण्यांची लय श्वासासारखी हलते. मुखड्यापेक्षा म्युझिक जरा चढं जातं आणि अंतऱ्यावर परत खाली येतं. तिथे आपण चुकलो की मूळ लयच हलली हे कळायचा मार्ग नाही. म्हणून शांततेची ही परीक्षा ऐंशीनंतरच्या, यंत्राच्या ठोक्यावर रेकॉर्ड झालेल्या गाण्यांवर द्यावी. जुन्या गाण्यांबरोबर वाजवताना मेट्रोनोम बंद करून त्या हलणाऱ्या लयीच्या मागे मागे जावं. साथीच्या माणसाला दोन्ही यावं लागतं, एकट्याने लय धरून ठेवणं आणि समोरचा लय हलवेल तशी त्याच्याबरोबर हलणं.

काही गोष्टी मात्र कुठलीही डबी आणि कुठलंही अॅप देत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली कितीतरी गाणी आवाज हळूहळू कमी करत संपतात. सावित्रीबाई फुले कलामंदिरात आठशे-हजार लोकांसमोर तसं संपवता येत नाही, तिथे कट लागतो. घरी मी शेवटची ओळ फिरवत ठेवते, तिसऱ्यांदा गाणं थांबवते आणि शेवट एकटीच वाजवते. कट तिहाईवर, म्हणजे तीनदा वाजणाऱ्या तुकड्यावर, असेल तर तोंडाने बोल म्हणत. पण आमच्या ऑक्टोपॅडवाल्या दादांनी मान हलवली की आता शेवट, किंवा ताईंनी हात वर ठेवला की एक ओळ परत, हे डोळ्यांनी बघण्याचं काम आहे. म्हणून घरच्या सरावात शेवटचे काही दिवस मी फोन उपडा ठेवते. कॉर्ड्स बघायच्या नाहीत, कागद बघायचा नाही, गिटारच्या पडद्यांकडेही बघायचं नाही. स्टेजवर डोळे दुसऱ्यांसाठी मोकळे राहायला हवेत.

आणखी एक चाचणी मी करते. हेडफोनची एक बाजू माझ्या मुलीच्या कानाशी देऊन, गाणं पूर्ण बंद करून, अख्ख्या गाण्याचा बेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटा वाजवते, मधले रिकामे बार मनात मोजत. तिला त्या नुसत्या बेसवरून गाणं ओळखू आलं, तर ते गाणं तालमीला न्यायच्या लायकीचं झालं असं समजते. तिला सगळी येतात असं नाही. ज्यांत बेस फक्त सा-प करतो ती ओळखता येणं कठीणच, पण तिथेही "कुठलं तरी संथ, रडकं गाणं आहे" एवढं तिला कळलं तरी मला पुरतं. म्हणजे वजन बरोबर पडतंय.

घ्यावं कोणी, तर ज्यांच्याकडे बेस आहे, घरात माणसं आहेत आणि वेळ रात्रीचाच मिळतो त्यांनी अॅम्पलग जरूर घ्यावा. छोट्या पण चांगल्या बेस अॅम्पच्या मानाने खर्च खूपच कमी आहे. तुमचा अॅम्प घरात आहे आणि त्याला हेडफोनचं आणि फोन जोडायचं भोक आहे, तर मात्र गरज नाही, तेच पैसे बऱ्या हेडफोनवर घाला. फोनच्या स्पीकरवर गाणं लावून बेसचा सराव कोणी करू नये. त्या स्पीकरमधून इतके खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, आपण फक्त त्यांचे वरचे स्वरांश ऐकत असतो. मोइझेस आधी फुकटात वापरून बघा, तेही तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात धूसर गाणं घालून. त्यात काय निघतं आणि काय निघत नाही ते कळलं की पैसे भरायचे की नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

अॅम्पलग मी धोबी तलावला फुर्ताडोजमध्ये घेतला. १८६५ पासूनचं दुकान. ऑनलाइनही मिळतो, पण शक्य असेल तर आपली गिटार घेऊन दुकानात जा आणि खोचून बघा. काही गिटारींचं भोक खोलगट पत्र्यात आत बसवलेलं असतं, तिथे डबी नीट टेकते का हे हातात घेऊनच कळतं. मॉडेल बघताना खोक्यावर "बेस" लिहिलेलंच घ्या. त्याच आकाराचे गिटारसाठीचे बरेच प्रकार शेजारीच ठेवलेले असतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं. आणि सेल अल्कलाइनच घाला. साधे सेल उतरायला लागले की आवाज आधी किरटा होतो, मग फाटतो, आणि माणूस उगाच गिटारच्या वायरिंगवर संशय घेत बसतो.